सात देश फिरलेला मिडफिल्डर आणि तुमच्या मुलाचा एका हंगामाचा करार

ताई, मुलगा 19 वर्षांचा, कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून डिफेन्सिव्ह मिडफिल्डला, म्हणजे बचावफळीच्या जरा पुढे खेळतो, आणि परराज्यातल्या आय-लीग (आयएसएलच्या खालची राष्ट्रीय लीग) क्लबने एका हंगामाचा करार पुढे केलाय. पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. दीर म्हणतात, 'दरवर्षी क्लब बदलत फिरायचं, धड इथला ना तिथला.' त्यातच या चर्चेत वर एका सदस्याने एरिक पार्टालू या ऑस्ट्रेलियन मिडफिल्डरचं नाव टाकून विचारलंय की सात देश फिरून त्या माणसाच्या हाती काय लागलं. दाखला उत्तम निवडलाय, फक्त त्यातून निघतं ते नेमकं उलट.

पार्टालू सिडनीचा, जन्म 1986. उंची सव्वासहा फुटांच्या पुढे, पायात वेग बेताचा, पास मात्र नीटस. ऑस्ट्रेलियातून तो स्कॉटलंडला गेला, तेही रेंजर्स-सेल्टिक या तिथल्या बड्या क्लबांकडे नव्हे, तर स्टर्लिंग अल्बियन आणि ग्रीनॉक मॉर्टन अशा खालच्या स्तरावरच्या क्लबांकडे. तिथून 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमधल्या ब्रिस्बेन रोअरने उचलला. प्रशिक्षक होता अँज पोस्टेकोग्लू, ज्याने पुढे 2025 मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. त्याला बॉल पायाशी ठेवणारा संघ बांधायचा होता आणि त्यासाठी बचावफळीसमोर शांत डोक्याचा माणूस हवा होता. या जागेवरच्या, म्हणजे सहा नंबरच्या खेळाडूचं काम लग्नातल्या वाढप्यासारखं असतं, चुकलं तरच लोकांच्या लक्षात येतं. मॉर्टनमध्ये जो गुण फारसा कुणाच्या नजरेत भरला नव्हता, त्याच्यावर ब्रिस्बेनचा संघ उभा राहिला आणि पुढे सलग 36 सामने हरला नाही.

त्या हंगामाची फायनल, 13 मार्च 2011, सनकॉर्प स्टेडियम, समोर सेंट्रल कोस्ट मरीनर्स. नियमित वेळेत गोल नाही. जादा वेळेत मरीनर्सनी दोन मारले. तीन-चार मिनिटं उरली तेव्हा लोक उठून जायला लागले होते. 117 व्या मिनिटाला एन्रिकेने एक परतवला. 120 व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, थॉमस ब्रोइशने तो टाकला आणि गर्दीतून पार्टालूचं डोकं वर आलं. 2-2. पेनल्टीवर ब्रिस्बेन 4-2 ने जिंकलं. व्हिडिओ शोधून मुलाला जरूर दाखवा, पण हेडरपेक्षा त्याआधीची त्याची धाव बघायला सांगा. 120 मिनिटं मधल्या पट्ट्यात पळालेला माणूस शेवटच्या कॉर्नरलाही बॉल कुठे पडणार हे ओळखून निघालाय.

पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद. मग 2012 मध्ये पोस्टेकोग्लू क्लब सोडून गेला आणि 2013 मध्ये पार्टालूही चीनला, तिआनजिन टेडाकडे. त्यानंतर थायलंडचा मुआंगथाँग युनायटेड, परत मायदेशी मेलबर्न सिटी, मग कोरियाचा जिओनबुक, मग कतारचा अल खराइतियात. जिओनबुकने 2016 ची एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली तोवर हा तिथून निघून गेलेला होता. कागदावर ही यादी बघितली की तुमच्या दिरांचं म्हणणं पटतं, हे कबूल.

पण हेच देश का, हे बघा. ऑस्ट्रेलिया 2006 पासून आशियाई महासंघात आहे. आशियातल्या बऱ्याच लीगमध्ये तेव्हा परदेशी खेळाडूंसाठी 'तीन अधिक एक' असा नियम होता, म्हणजे तीन कुठलेही आणि चौथा आशियाई महासंघाच्या देशातला. त्या चौथ्या जागेसाठी उंच, इंग्रजी बोलणारा, शिस्तीचा ऑस्ट्रेलियन मिळाला तर क्लबला सोन्याहून पिवळं. माझ्या मते पार्टालूचं अर्धं करिअर त्या चौथ्या जागेने घडवलं. आणि ही जागा हंगामापुरती असते. प्रशिक्षक बदलला, त्याला तिथे स्ट्रायकर हवासा झाला, की मिडफिल्डरची बॅग भरली. त्यात मिडफिल्डरचं काही चुकलेलंच असतं असं नाही.

2017 मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे आला तेव्हा तो 31 वर्षांचा होता. बेंगळुरू त्या वर्षी एएफसी कप (आशियातली दुसऱ्या स्तराची क्लब स्पर्धा) खेळत होता आणि तिथेही आशियाई खेळाडूची जागा होतीच. ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर उत्तर कोरियाच्या '25 एप्रिल' संघाला 3-0 ने हरवलं आणि सप्टेंबरमध्ये परतीच्या सामन्यासाठी संघ प्योंगयांगला गेला. त्या सुमारास तिथे क्षेपणास्त्र चाचण्या चाललेल्या आणि सामना मे डे स्टेडियमसारख्या अवाढव्य मैदानावर. 0-0 सोडवून परत आले. घरच्या सामन्यातला एक गोल लेनी रॉड्रिग्जचा होता, त्याच्याकडे येतोच. पार्टालू बेंगळुरूत चार वर्षं टिकला, 2018-19 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग) जिंकलेल्या संघात होता, आणि खेळणं थांबवल्यावर समालोचनाकडे वळला. म्हणजे सगळ्यात लांब मुक्काम तिशी उलटल्यावर, तोही आपल्या देशात. मिडफिल्डला शेजारी डिमास डेल्गाडोसारखा जोडीदार आणि त्याच्या संथपणाला सांभाळून घेणारी खेळाची पद्धत मिळाली, म्हणून.

आता लेनी. गोव्याचा, जन्म 1987, अस्सल मधल्या पट्ट्यातला माणूस. चर्चिल ब्रदर्सबरोबर आय-लीग जिंकला, मग एफसी पुणे सिटी, बेंगळुरू, एफसी गोवा. 2019-20 मध्ये गोव्याने साखळीत पहिला नंबर पटकावला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. लेनी त्या संघाचा कणा होता. पण जानेवारी 2021 मध्ये अदलाबदल झाली, ग्लॅन मार्टिन्स गोव्यात आला आणि लेनी एटीके मोहन बागानला गेला. एप्रिलमध्ये फातोर्ड्यावर गोवा चॅम्पियन्स लीगमध्ये कतारच्या अल रय्यानविरुद्ध उतरला तेव्हा ज्याने ते तिकीट कमावलं तो दुसऱ्या क्लबचा होता. तिकडे मार्चमध्ये मोहन बागान मुंबई सिटीकडून फायनल हरला, तीही 90 व्या मिनिटाच्या गोलवर. यात लेनीने कुठे काय वाईट निवडलं, सांगा बघू.

आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. खेळाडू क्लब सोडत नाही, क्लबच खेळाडूला सोडून जातो. महिंद्रा युनायटेड, 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, 2010 मध्ये बंद. पंजाबचा जेसीटी 2011 मध्ये. पुण्याचा भारत एफसी 2015 मध्ये एकच हंगाम खेळून गायब, पुणे एफसीही त्याच सुमारास गुंडाळला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. 2017 मध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. एखादा मुलगा या दहा वर्षांत फक्त पुण्या-मुंबईतच खेळला असता, तरी त्याच्या नावापुढे पाच क्लब लागले असते, घर न बदलता. स्टीव्हन डायससारखा भारताकडून नेहरू कप जिंकलेला मुंबईकरही महिंद्रा बंद झाल्यावर चर्चिलकडे गेला. आणि हे जुनं झालं असं समजू नका. 2025 च्या जुलैत आयएसएलच लांबणीवर पडली आणि ऑगस्टमध्ये खुद्द बेंगळुरूने पहिल्या संघाचे पगार थांबवले.

तुमच्या मुलाच्या जागेचीही एक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. आपले क्लब परदेशी खेळाडूंवरचा पैसा एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतच्या मधल्या रेषेवर खर्च करतात: स्टॉपर (बचावातला मधला खेळाडू), सेंट्रल मिडफिल्ड, स्ट्रायकर. भारतीय पोरं जातात कडेला, विंगवर नाहीतर फुलबॅकला. 2021-22 पासून आयएसएलमध्ये मैदानावर पाचऐवजी चारच परदेशी आले, तेव्हा थोडी हवा मिळाली. आपुइयासारखा मिडफिल्डर नॉर्थईस्टकडून मुंबई सिटी आणि तिथून मोहन बागान अशा वरच्या पायऱ्या चढला, पण तो अपवादात्मक गुणाचा. बाकीच्यांना खेळायला मिळावं म्हणूनच क्लब बदलावा लागतो. म्हणून 'किती क्लब' हे न विचारता 'किती मिनिटं' हे विचारायला शिका. 20 व्या वर्षी मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबचे सगळे सामने खेळणं केव्हाही बरं. त्या क्लबात त्याच्या जागेवर परदेशी आहे का, हे सही करायच्या आधी मॅनेजरला सरळ विचारा. आढेवेढे घेतले तर समजा, आहे.

मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानाच्या आसपास आयुष्य गेल्यामुळे कराराबद्दल थोडं कळतं, ते सांगतो. कोऱ्या कागदावर सही नाही. हे सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण पोरं करतात. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी उरकून घ्या, कारण 'तपासणीत पास झालास तरच करार लागू' अशी अट फिफाच्या नियमात बसत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडून मोकळा होऊ शकतो. पण नोटीस लेखीच हवी, व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर पेमेंट कधी' विचारून भागत नाही. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हे करारात शब्दांत लिहिलेलं पाहिजे. गुडघ्याची लिगामेंट फाटली तर हंगाम तिथेच संपतो, आणि एका हंगामाच्याच करारात क्लबला हात झटकायला सोपं जातं. एका हंगामात तीनपेक्षा जास्त क्लबांकडे नोंदणी करता येत नाही आणि अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात, त्यामुळे डिसेंबरात चिडून निघून यायचं ठरवलं तर जायला जागा आहे का ते आधी बघावं लागतं.

दिरांना नोकरीची चिंता आहे, ती रास्त आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांची खेळाडू भरती अजून चालते, आणि आय-लीगचा एक हंगाम तिथे अर्जावर वजन टाकतो. परत तालमीकडून किंवा एखाद्या संस्थेच्या संघाकडून हौशी म्हणून नोंदणी करायची झाली तर शेवटच्या व्यावसायिक सामन्यानंतर निदान 30 दिवस जावे लागतात. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगामाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून हे गणित आधीच मांडा, नाहीतर पेठेतली मंडळी त्याची वाट बघत बसतील आणि तो गॅलरीत. कॉलेज बाहेरून का होईना, चालू ठेवायला सांगा. वयाच्या अटी आणि पदवी, भरतीत दोन्ही बघतात.

मी असतो तर पाठवलं असतं. एका वर्षाचा करार लहान वाटतो, पण 19 व्या वर्षी तो मुलाच्याही सोयीचा असतो. हंगाम चांगला गेला तर शेवटच्या सहा महिन्यांत तो पुढच्या क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो, त्याला कुणी अडवू शकत नाही. फक्त 'क्लबच्या इच्छेनुसार आणखी दोन वर्षं वाढ' असं कलम आत घुसवलंय का ते बघा. असेल तर वाढीव वर्षांचा पगार आकड्यात लिहून मागा. मसुदा हातात आला की नाव आणि रक्कम झाकून ती पानं इथे टाका, बघून सांगतो.