बहिणीचं एग (स्त्रीबीज) घेऊ का?

पत्र (जरा कापून): माई, मी ३९ची, नवरा ४१चा, इंग्लंडात रेडिंगला राहतो. तीन आयव्हीएफ झाल्या, एएमएच (एग्ज किती उरलीत ते सांगणारं हार्मोन) जवळपास नाहीच, डॉक्टर आता सरळ म्हणाले की स्वतःच्या एग्जवर अजून पैसे घालू नका. धाकटी बहीण ३१ची, बर्मिंगहॅमला असते, तिला एक मुलगा आहे. दिवाळीत आई इकडे आली होती तेव्हा ताटं वाढता वाढता बहीण म्हणाली, ताई माझी घे की. आई लगेच म्हणाली, बरंच झालं, घरातलं घरातच राहील, कोणाला कळायचं कारण नाही. नवरा तयार आहे, मलाच झोप लागत नाही. बाळ तिच्यासारखं दिसलं तर? उद्या तिने हक्क सांगितला तर? की अनोळखी डोनर बरी? – मोठी

अगं मोठी,

हक्काचं आधी उरकते कारण ते सगळ्यात सोपं आहे. तुमच्याकडे जी बाळंत होते तीच कायद्याने आई, एग कोणाचं का असेना. लायसन्स असलेल्या क्लिनिकमधून केलंत की बहिणीला ना हक्क ना जबाबदारी. (देवकी-यशोदा ऐकवणारे भेटतीलच, त्यांना सांग की इथे बाळंतपण माझंच आहे.) आणि कोणी म्हणालं पुण्यात येऊन स्वस्तात करा, तर इथे २०२१चा कायदा आहे, डोनर बँकेमार्फत, वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच आणि सातच्या वर एग्ज काढायची नाहीत, म्हणजे बहिणीला घेऊन आलो आणि करून गेलो असं ते नाहीये.

कायदा सोपा असला तरी माणसं सोपी नसतात हे मात्र खरं. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात एक केस आली होती, धाकट्या बहिणीने एग दिलेलं, सरोगसीने जुळ्या मुली झाल्या, पुढे नवराबायकोचं फाटलं, नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, ती बहीणही त्याच घरात राहायला गेली, आणि नवऱ्याचं म्हणणं काय तर मुलींची खरी आई मेहुणीच. कोर्टाने सांगितलं की एग दिलं म्हणून कोणी आई होत नाही, आणि आईला मुलींना भेटू दिलं. तुला घाबरवायला नाही सांगत, त्या घरात जे बिघडलं ते काही एगमुळे नाही बिघडलं. पण बिघडल्यावर पहिलं हत्यार म्हणून तेच हातात आलं.

आता दिसण्याचं. सख्ख्या बहिणींचे साधारण निम्मे जीन्स सारखे असतात, म्हणजे त्या हिशोबाने बाळ तुला भाच्याइतकं जवळचं. तुझ्या आजीचं नाक यायचा चान्स आहे, अनोळखी डोनरमध्ये तो नाही. बहिणीसारखं दिसेल का, दिसेलही की, आत्ताचा भाचा तुझ्यासारखा दिसतो असं कोणी म्हणालं तर तुला छानच वाटतं ना?

मला खरं खटकलं ते आईचं वाक्य. "कोणाला कळायचं कारण नाही." हे आणि बहिणीचं एग, दोन्ही एकत्र नाही जमायचं. तुमच्याकडे डोनरची नोंद एचएफईएकडे, म्हणजे अशा क्लिनिकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे राहते आणि मूल १८चं झालं की नाव विचारू शकतं, घरबसल्या डीएनए टेस्ट तर कोणीही मागवतं हल्ली. शिवाय बहिणीचा मुलगा हा तुझ्या बाळाचा नुसता मावसभाऊ नसणार, रक्ताने अर्धा सख्खा भाऊच. दोघं दर भाऊबीजेला एका पाटावर बसणार आणि मोठी चारपाच माणसं तोंडं आवळून बघत राहणार, किती वर्षं? एखाद्या भांडणात कोणाच्या तरी तोंडून निघतंच गं. त्यापेक्षा मूल बोलायला लागायच्या आधीपासून गोष्टीसारखं सांगत राहायचं, मावशीने मदत केली म्हणून तू आलास. तुमच्याकडे डोनर कन्सेप्शन नेटवर्क नावाची संस्था आहे, १९९३पासून असे आईबाप एकमेकांना भेटतात तिथे, त्यांच्याकडे जाऊन ये.

म्हणून माझं मत सांगते, मुलाला सांगायची तयारी असेल तर बहिणीचं घे, मला त्यात काही वावगं दिसत नाही. आईची अट पाळायची असेल तर बहिणीचं अजिबात घेऊ नकोस. अनोळखी डोनरमध्येही सांगावं लागेलच, पण निदान ती दर सणाला समोर येऊन बसणार नाही. तिकडे आपल्याकडच्या डोनर कमी, थांबावं लागेल, ते धरून चल.

आणि बहीण. पत्रात तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा नाही, त्याला माहितीये का? तिला दुसरं मूल हवंय का? ती म्हणाली कधी, तर ताटं वाढताना, आईसमोर, तुझ्या तीन आयव्हीएफनंतर. तिथे मागे फिरायला जागाच कुठे होती? दहाबारा दिवस रोज इंजेक्शन, स्कॅन, मग गुंगी देऊन एग्ज काढणं, कधी ओव्हरीला सूज येऊन चांगलाच त्रास होतो. आणि एवढं करून नाही राहिलं तर ती स्वतःलाच दोष देत बसेल. जास्तीचे एम्ब्रियो (तयार झालेले गर्भ) फ्रीझ केले तर त्यांचं काय, हेही तिच्याशीच बोलायचंय. एम्ब्रियो तुझ्या गर्भाशयात सोडेपर्यंत ती कधीही माघार घेऊ शकते, हा तिचा कायद्याने हक्क आहे, तो तुझ्या तोंडून तिला कळू दे.

तर एकटी बर्मिंगहॅमला जा, व्हॉट्सॅपवर नको. तिला म्हण, तू दिवाळीत म्हणालीस ते मी अजून घेतलेलं नाहीये, नको वाटलं तर कारणही देऊ नकोस. मग महिनाभर विषय काढायचा नाही, तुला जड जाईल पण काढायचा नाही. तिने आपणहून परत काढला तरच क्लिनिकच्या काउन्सेलरची वेळ घ्या, आधी तुम्ही दोघं, मग ती आणि तिचा नवरा, मग चौघं.

आईला कसं सांगायचं ते पुढच्या पत्रात विचार, तो वेगळाच विषय आहे.

– माई