मोठी कंपनी शेजारी आली तर छोट्या वर्कशॉपवाल्याला खरंच काम मिळतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की तुमच्या तालुक्यातल्या एमआयडीसीत मोठी कंपनी येतेय, जो तो भागाचा विकास होणार म्हणून सांगतोय, आणि तुमचं स्वतःचं दोन मशीनचं वर्कशॉप आहे तर त्यातलं तुमच्या वाट्याला काही येईल का आणि यायचं असेल तर काय करायचं. मी पुण्याजवळ भोसरीत 2008 पासून जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून देतो, सुरुवातीला भाड्याच्या गाळ्यात एक जुनी लेथ होती, आता चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आहेत, तर जेवढं स्वतः भोगलंय तेवढं सांगतो.

काम मिळतं, पण कंपनीच्या गेटवर फाइल घेऊन उभं राहून मिळत नाही. आणि "स्थानिकांना काम द्या" म्हणून जे मोर्चे निघतात त्यातून तर भंगाराचा ठेका, लेबरचा ठेका, कॅन्टीन आणि पाण्याचे टँकर एवढंच पदरात पडतं, तेही कुणाच्या पदरात ते तुम्हाला माहीतच असेल. त्याने गावात चार स्कॉर्पिओ वाढतात, मशीन एकही वाढत नाही.

मोठी कंपनी तुमच्याकडून डायरेक्ट माल घेणार नाही हे आधी डोक्यात फिट करा. ती घेणार तिच्या पहिल्या फळीच्या व्हेंडरकडून, ज्याच्याकडे आयएटीएफ (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी) सर्टिफिकेट, सीएमएम (बारीक मापं घेणारं मशीन), स्वतःची क्वालिटी टीम सगळं असतं. तो व्हेंडर मात्र सगळं स्वतः बनवत नाही, बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट असलं किरकोळ काम बाहेर देतो. तुम्ही त्याला शोधायचं. नवी कंपनी आली की तिच्या मागोमाग हे लोक पण शेड घ्यायला येतात, तेव्हाच जाऊन भेटा, कारण ते नवीन जागी असतात आणि त्यांना पण जवळचा माणूस हवा असतो, संध्याकाळी दोनशे पीस कमी पडले तर टेम्पो पुण्याहून कोण मागवणार.

आता माझा किस्सा सांगतो, कारण मोठ्या कंपनीशी छोट्याची खरी "जोडणी" म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. 25 एमएमची स्टीलची पिन होती, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वीस मायक्रॉन, म्हणजे एका एमएमचा पन्नासावा भाग. मी आणि माझा ऑपरेटर दोघांनी मायक्रोमीटरने चेक करून दोन हजार पीस पाठवले, आणि चौथ्या दिवशी निम्म्याच्या वर अंडरसाइज म्हणून परत, वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी. मे महिना होता, मी भांडायलाच गेलो की तुमचं इन्स्ट्रुमेंट खराब आहे. तिथला क्वालिटीचा एक तरुण इंजिनियर दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून माझ्या गाळ्यावर आला, मशीनवरून उतरलेली पिन हातात घेतली आणि म्हणाला, साहेब हात लावून बघा. पिन गरम होती. पन्नासच्या आसपास असेल, आणि त्यांची माप घ्यायची स्टँडर्ड रूम 20 डिग्रीला. त्याने माझ्याच चलनाच्या मागे हिशोब मांडून दाखवला, तीस डिग्रीच्या फरकाने 25 एमएमचं स्टील साधारण नऊ मायक्रॉन फुगतं, म्हणजे माझा जवळजवळ अर्धा टॉलरन्स गरमीतच जात होता आणि खालच्या लिमिटला काढलेला प्रत्येक पीस थंड झाला की बाद. तेव्हापासून आम्ही पीस ट्रेमध्ये थंड होऊ देतो, मास्टर (माप जुळवायचा नमुना पीस) पण त्याच ट्रेशेजारी ठेवतो, आणि सेटिंग मधल्या साइजला. पुढचा लॉट एक पीस सोडता पास.

एक चहा आणि अर्धा तास. माझ्या मते कुठल्याही व्हेंडर मीटच्या फ्लेक्सपेक्षा हे मोठं आहे. ज्या कंपन्या आपला माणूस छोट्याच्या शॉपफ्लोअरवर पाठवतात तिथे छोटे मोठे होतात, ज्या फक्त रेट पाडून घेतात तिथे दर दोन वर्षांनी नवीन व्हेंडर दिसतो, जुना मशीन विकून गेलेला असतो.

मोठं उदाहरण पाहिजे असेल तर वाळूज बघा. बजाजचा प्लांट तिथे 1985 ला आला, आणि त्याच सुमारास औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेली एन्ड्युरन्स बजाजला ॲल्युमिनियम कास्टिंग देत देत आज शेअर बाजारात लिस्टेड आहे, युरोपात पण प्लांट आहेत. आता त्यांचे मालक राहुल बजाज यांचे भाचे, त्यामुळे ते तुम्हाआम्हाला जसंच्या तसं लागू नाही हे मान्य. पण त्यांच्या खाली मशिनिंग, डाय, कोटिंग करत वाळूज-चिकलठाण्यात जी छोटी माणसं उभी राहिली ती कुणाची भाचे नव्हती.

पैशाचं बोलतो, कारण छोटा माणूस कामाअभावी कमी आणि पेमेंटअभावी जास्त मरतो. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पेमेंटला 45 दिवसांची कमाल मर्यादा आहे, लेखी करार नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी केली नाही. एका गिऱ्हाइकाने 110 दिवस पैसे लटकवले होते, पण तक्रार केली असती तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल आलं नसतं, मग कामगारांचा पगार कुठून करू? खरा फरक पडला तो इन्कम टॅक्सच्या 1961 च्या कायद्यातल्या 43बी(एच) कलमाने, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं पेमेंट मुदतीत केलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जे अकाउंटवाले माझा फोन उचलत नव्हते तेच उद्यम सर्टिफिकेट (सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंदणीचं) पाठवा म्हणून मागे लागले. एकाने उलट सांगितलं की उद्यम कॅन्सल करा नाहीतर काम बंद, अशाला सरळ नाही म्हणा. उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका, आणि बिलावर नंबर छापा. ट्रेड्स पण आहे, म्हणजे बिलावर आधी पैसे मिळवायची ऑनलाइन सोय, आरएक्सआयएल, इनव्हॉइसमार्ट वगैरे, तिथे बिल चढवलं आणि कंपनीने ॲक्सेप्ट केलं की बँका बोली लावतात आणि पैसे लवकर मिळतात, पण गोम तीच, ॲक्सेप्ट कंपनीनेच करायचं.

आणि एकाच गिऱ्हाइकावर बसू नका. 2019 ला गाड्यांची विक्री पडली तेव्हा भोसरीची गुरुवारची सुट्टी माझ्याकडे आठवड्यात तीन दिवस झाली होती, कारण ऐंशी टक्के काम एकाच घरचं होतं. आता मी कुणालाच चाळीसच्या वर जाऊ देत नाही, थोडं पंपाचं आणि थोडं शेती अवजारांचं काम मुद्दाम धरून ठेवलंय, रेट कमी असला तरी.

बाकी तुमची मशीन कुठली आहेत ते लिहिलं नाहीये. लेथच असतील तर आधी शेजारच्या तालुक्यातल्या टूलरूमवाल्यांना विचारा सध्या ते काय बाहेर पाठवतात, आणि व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन) असेल तर ड्रॉइंगचा साइज-टॉलरन्स टाका, मी बघून रेटचा अंदाज सांगतो.