प्रवासात मुलांचे दात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गणपतीत गावी अंगणात खेळताना नऊ वर्षांच्या पुतण्याचा वरचा पुढचा दात मुळासकट निखळला. आम्ही तो घासूनपुसून कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणला दाखवला. डॉक्टरांनी बसवला, पण टिकेलच असं सांगत नाहीत. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घासणं आणि कागद, दोन्ही नडलं. मुळावर पेशींचा पातळ थर असतो. त्याच्याच जोरावर दात पुन्हा हाडाला धरतो. घासलं की तो खरवडून निघतो. दात कोरडा राहिला तर अर्ध्या तासात पेशी मरू लागतात आणि तासाभरानंतर फारशा उरत नाहीत.

असा दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती असेल तर दुधाने किंवा गार पाण्याने फार तर दहा सेकंद विसळावा. साबण, डेटॉल अजिबात नको. शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू ओळखावी, खाचेत हलक्या दाबाने बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला द्यावा. पोर रडून हात लावू देत नसेल तर जबरदस्ती नको. दात कपभर गार दुधात बुडवावा. पिशवीचं, टेट्रापॅकचं, उकळून गार केलेलं, कुठलंही साधं दूध चालतं. दही-ताक नको. पाण्यात ठेवलात तर पेशी फुगून फुटतात. कोकणात शहाळ्याचं पाणी हाताशी असतं, पण ते आंबटसर, दूधच बरं. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत दात ठेवावा. तासाभरात दातांचे डॉक्टर गाठावेत. ते साधारण दोन आठवडे तारेने आधार देतात. धनुर्वाताची लस कधी झाली तेही सांगावं. उशीर झाला तरी दात टाकून देऊ नये, घेऊन जावं.

मार लागल्यावर मूल बेशुद्ध झालं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दात राहू दे, आधी रुग्णालय.

हे सगळं कायमच्या दातासाठी. दुधाचा दात कधीच परत बसवायचा नाही, हिरडीत दडलेल्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होते. सहा ते आठ या वयात गोंधळ होतो : कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर, नवा असेल तर कडेला करवतीसारखा.

प्रश्न : रात्रीच्या रेल्वेत सहा वर्षांच्या मुलीची किडकी दाढ ठणकू लागली तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोमट मिठाच्या पाण्याने चूळ, अडकलेला घास धाग्याने काढणं, मग पॅरासिटामॉल : दर किलो वजनाला एका वेळी १५ मिलिग्रॅम. मूल २० किलोचं असेल तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिली. पण ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं, त्याचे १२.५ मिली होतात. बाटली वाचूनच मोजा. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारच डोस. निमेसुलाइड हे वेदनाशामक बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. हिरडीवर लवंगतेलाचा बोळा किंवा ॲस्पिरिनची गोळी ठेवली तर ती भाजते.

गाल सुजला असेल तर गरम शेक देऊ नका, बाहेरून गार पट्टी ठेवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर मुक्कामाची वाट बघू नका. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर सांगून पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरा.