खासबागेतल्या जुन्या कुस्तीशौकिनांचे फोटो शोधताना

भावा, पैलवानांचे फोटो ढीगभर मिळतील, तू पब्लिककडं बघ. कोल्हापुरातलं शाहू महाराजांचं १९१२ चं खासबाग मैदान म्हणजे वाडगंच, मधी हौदा (कुस्तीची मातीची जागा) आन चारी बाजूनं चढता उतार, त्यामुळं कुस्तीच्या फोटोतपण पलीकडची गर्दी आपसूक आलेली असते. जुन्या स्टुडिओवाल्याकडं प्रिंट नको, निगेटिव्हच माग, कारण पेपरला द्यायचा फोटो कडेनं छाटायचे आणि नेमका फेटा उडवणारा शौकीनच कापला जायचा. तारीख नसेल तर फेटे-टोप्या किती, उघडी डोकी किती ते बघ, दशकाचा अंदाज येतो (पक्का नव्हे हं, आमच्याकडचे म्हातारे टोपी सोडत नाहीत). आणि निगेटिव्ह कपड्यानं पुसू नको बाबा, हातानं दाबायचा हवेचा ब्लोअर मार, ओरखडा पडला की संपलं.