पॉलिमर क्लेचे डोके का तडकते?

प्रश्न : छंद म्हणून मी पॉलिमर क्लेमध्ये राक्षसाचे डोके घडवले. ते मुठीपेक्षा मोठे आणि आतून पूर्ण भरीव होते. ओव्हनमध्ये भाजल्यावर कपाळावर व मानेवर लांब तडे गेले आणि शिंगांची टोके तपकिरी पडली. सुरकुत्या भरपूर कोरूनही चेहरा मुखवट्यासारखा सपाट दिसतो. कोठे चुकले असावे आणि हे डोके दुरुस्त करता येईल का?

उत्तर : तडे आणि सपाट चेहरा या आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : डोक्याला गाभा नाही. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी या प्लॅस्टिकची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर यांचे मिश्रण. ती मातीसारखी पाणी उडून वाळत नाही. ठरावीक उष्णता मिळाली की तिचे कण एकजीव होतात आणि ती घट्ट होते. गोळा जाड असला तर बाहेरचा थर आधी पक्का होतो, आतला भाग मागाहून तापून फुगतो, मळताना अडकलेली हवाही प्रसरण पावते, आणि हा सगळा ताण बाहेरच्या थराला फोडतो.

यासाठी गाभा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा करावा. फॉइलचे तुकडे एकावर एक चुरगळून, प्रत्येक थर टेबलावर दाबून आणि चमच्याच्या पाठीने घोटून गोळा इतका घट्ट करावा की अंगठ्याने जोर दिला तरी खड्डा पडू नये. कपाळाचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी, गालाची हाडे आणि जबड्याची कड या फॉइलमध्येच काढाव्यात. चेहरा सपाट दिसतो तो याच टप्प्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. हाडे जागेवर नसतील तर कितीही सुरकुत्या कोरल्या तरी त्या वरवरच्याच वाटतात. गाभ्यावर क्लेचा साधारण 6 ते 10 मिलिमीटरचा थर द्यावा, मानेचा तळ हवा जाण्यापुरता उघडा ठेवावा आणि शिंगांसाठी तार गाभ्यात खोल रोवावी.

डोळ्यांसाठी काचेचे मणी घ्यावेत, कारण प्लॅस्टिकचे डोळे उष्णतेने वितळू शकतात. ते आधी बसवून पापण्यांच्या पातळ पट्ट्या त्यांवर चढवाव्यात. मग दिवा एका बाजूने धरून पाहावे. खोबणीत सावली साचत नसेल तर ती आणखी खोल करावी. त्वचेच्या रेषा पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावरून दाबल्या, तर त्यांच्या कडा आपोआप गोलसर होतात आणि कातडी खरी भासते. ही युक्ती अवश्य करून पाहावी.

भाजण्याचे तापमान आणि वेळ वेष्टनावर दिलेली असते. बहुतेक प्रकारांसाठी तापमान 110 ते 130 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. शिंगांसारख्या पातळ भागांवर फॉइलचे सैल आच्छादन घातले की ते करपत नाहीत. काम लवकर उरकावे म्हणून उष्णता मुळीच वाढवू नये, कारण क्ले जळू लागली तर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. धूर किंवा उग्र वास आला तर ओव्हन बंद करून, खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे. भाजून झाल्यावर डोके ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्यावे.

आताचे डोके टाकून देऊ नका. तड्याच्या कडा थोड्या रुंद करून त्यांत द्रवरूप पॉलिमर क्ले लावावी, वर मऊ क्ले भरावी आणि पुन्हा भाजावे. ही क्ले अनेकदा भाजता येते. शिंगांची टोके फक्त तपकिरी झाली असतील तर रंगाखाली झाकली जातील, ठिसूळ झाली असतील तर मात्र कापून नवी बसवावीत.

प्रश्न : राक्षसाच्या डोक्यासाठी कोणते रंग वापरावेत?

उत्तर : पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग उत्तम. मूळ रंग वाळल्यावर गडद तपकिरी रंग पातळ करून सर्वत्र लावावा आणि लगेच कापडाने पुसावा, म्हणजे तो केवळ सुरकुत्यांत राहतो. स्प्रेचे काही रंग व वॉर्निश या क्लेवर कायमचे चिकट राहतात, म्हणून ते आधी भाजलेल्या तुकड्यावर लावून पाहावेत.