अल्बमच्या कव्हरला 'वेष्टन' म्हणायचं का 'मुखपृष्ठ'?

प्रश्न असा आलाय की सोलापुरातल्या एका भजनी मंडळाची सीडी गड्ड्याच्या यात्रेआधी काढायचीय, पुठ्ठ्याचं घडीचं कव्हर आहे, आणि ज्या मुलीनं ते डिझाइन केलं तिच्या नावाआधी काय छापायचं. प्रेसवाल्यानं 'वेष्टन संकल्पना' असं लिहून दिलंय आणि मंडळातल्या लोकांना ते खटकतंय.

खटकणारच की हो! वेष्टन म्हणजे गुंडाळलेलं, जे फाडायचं आणि टाकायचं. साबणाचं वेष्टन, 'वेष्टनावर छापलेली किंमत', आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडीच्या बंडलावरचा कागद, ते वेष्टन. रेकॉर्डचं कव्हर कुणी फाडून टाकत नाही, उलट तबकडी घासून गेली तरी लोक कव्हर जपून ठेवतात. शब्द चुकीचा नाही, पण जीव लहान आहे त्याचा.

मंडळातल्या कुणीतरी 'गवसणी' सुचवलंय ते मला लई आवडलं, कारण शब्द गाण्याबजावण्यातलाच आहे, तंबोऱ्याला तबल्याला घालतात ती. पण गवसणी कापडाची, वाद्याच्या मापानं शिवलेली, धूळ बसू नये म्हणून घातलेली, तिच्यावर चित्र नसतं की नाव नसतं, आणि मैफल सुरू झाली की ती कोपऱ्यात जाते. शिवाय 'गवसणी : अमुक' असं छापलं तर वाचणारा शिंप्याचं नाव समजणार. तर ते राहू द्या.

मुखपृष्ठावर आक्षेप असा की तो पुस्तकाचा शब्द. पण अल्बम हे मुळात पुस्तकच होतं! मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची, मग मोठी रचना पाच-सहा तबकड्यांत विभागायची आणि त्या सगळ्या फोटोच्या अल्बमसारख्या बांधीव वहीत, एकेका कागदी पाकिटात घालून विकायच्या, त्यावरून अल्बम. बाहेरून साधा पुठ्ठा आणि नाव, बस्स. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत १९३८ ला ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण आर्ट डायरेक्टर म्हणून लागला आणि त्यानं या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली, तिथून कव्हर ही बघायची गोष्ट झाली. १९४८ ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, सगळी गाणी एकाच तबकडीत बसायला लागली, वही गेली पण नाव राहिलं.

आणि मुखपृष्ठाबरोबर आपल्याला 'मलपृष्ठ' फुकट मिळतं, ते मोठं सोयीचं. एलपीच्या मागच्या बाजूला गाण्यांची यादी, साथीदारांची नावं, गायकाबद्दल दोन परिच्छेद असायचे, ते सगळं मलपृष्ठावरचा मजकूर म्हणून सरळ सांगता येतं. कॅसेटला मात्र ही जोडी लागू पडत नाही, तिथं एकच पट्टी घडी घालून पुढचा भाग, कडेचा नावाचा भाग आणि आत वळवलेला तुकडा असा प्रकार, त्याला दुकानदार इनले कार्ड म्हणायचे आणि तेच बरोबर.

आता मोबाइलवर तर नुसता चौकोन उरलाय, त्याला पृष्ठच नाही, म्हणून तिथं 'मुखचित्र' म्हणावं असं माझं मत, पटलं तर घ्या.

तुमच्या कामाचं सांगतो. दिवाळी अंकात वर्षानुवर्षं 'मुखपृष्ठ व मांडणी' असं छापतात, तेच घ्या. मांडणीत घडी, अक्षरं, फोटोची जागा सगळं आलं, त्यामुळे पॅकेजिंगला वेगळा शब्द शोधायची गरज नाही. 'संकल्पना' काढून टाका, हल्ली तो शब्द लग्नपत्रिकेवरसुद्धा असतो. बोलताना मात्र कव्हरच म्हणा, 'मुखपृष्ठ छापून आलं का' असं प्रेसमध्ये विचारलंत तर पोरगं पुस्तकांच्या गठ्ठ्यात शोधत बसेल.