कॅथरीन लेरॉय ही फ्रेंच छायाचित्रकार पॅराशूटच्या उडीमुळेच प्रसिद्ध आहे का?

तुम्ही विचारलंय, की व्हिएतनाम युद्धात सैनिकांबरोबर विमानातून उडी मारणारी कॅथरीन लेरॉय कोण होती आणि तिचं एवढं नाव त्या एका उडीमुळेच झालं का. वर्तमानपत्राच्या फोटो विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे मला तिच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे. तेव्हा उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

उडीचं आधी उरकतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये 'ऑपरेशन जंक्शन सिटी' ही लष्करी मोहीम सुरू झाली आणि अमेरिकेच्या १७३व्या एअरबोर्न ब्रिगेडचे जवान छत्र्या उघडून खाली उतरले. त्यांच्यात गळ्यात कॅमेरे अडकवलेली ही बावीस वर्षांची मुलगी होती. लढाईत अशी उडी मारणारी ती पहिली अधिस्वीकृत पत्रकार मानली जाते. उडीचा परवाना तिने फ्रान्समध्येच मिळवलेला होता, त्यामुळे नाही म्हणायला कुणाला फारशी सबब उरली नाही. उंची जेमतेम पाच फूट, वजन चाळीस किलोच्याही आत. किस्सा झकास आहे, म्हणून जो तो तोच सांगतो. पण माझ्या मते तिचं खरं काम त्यानंतरचं आहे.

१९४४ साली पॅरिसजवळच्या एका उपनगरात तिचा जन्म झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९६६ मध्ये, ती एकेरी तिकीट काढून दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला आली. जवळ एक लायका कॅमेरा आणि थोडे डॉलर, वृत्तछायाचित्रणाचा अनुभव जवळपास शून्य. तेव्हा तिथे असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा फोटो विभाग हॉर्स्ट फास सांभाळत होता. त्याने तिला फिल्म दिली आणि विकत घेतलेल्या प्रत्येक फोटोमागे १५ डॉलर कबूल केले. पगार नाही, विमा नाही. आपल्याकडच्या तालुका पातळीवरच्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहराला, ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

असं कुणीही उठून रणांगणावर कसं काय जाऊ शकत होतं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने अधिकृतपणे युद्ध पुकारलेलं नव्हतं, त्यामुळे आधीच्या युद्धांसारखी सेन्सॉरशिपही नव्हती. एखाद्या वृत्तसंस्थेचं पत्र दाखवलं की लष्कराकडून ओळखपत्र मिळायचं, आणि ते दाखवून जागा असेल त्या हेलिकॉप्टरमध्ये बसता यायचं. कॅथरीनने याचा पुरेपूर फायदा घेतला. सायगावच्या हॉटेलांत बसून लष्कराची पत्रकं खरडण्यापेक्षा ती आठवडेच्या आठवडे मरीन जवानांबरोबर चिखलात राहायची. तोंडाची फटकळ होती. एका अधिकाऱ्याला शिव्या हासडल्या म्हणून तिचं ओळखपत्र काही काळ काढूनही घेतलं होतं.

आता मुद्द्याचं. एप्रिल १९६७ च्या अखेरीस खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मोठी धुमश्चक्री झाली. टेकड्यांना नावं नव्हती, नकाशावरची मीटरमधली उंची हेच नाव. टेकडी ८८१ वर व्हर्नन वाइक नावाचा नौदलाचा वैद्यकीय मदतनीस गोळी लागलेल्या मित्राकडे धावला. कॅथरीन काही हातांच्या अंतरावर, गवतात जमिनीला टेकून होती. तिने एकामागून एक फ्रेम घेतल्या. एकीत वाइक ओणवा होऊन जखम दाबतोय, मागे धूर आणि जळून गेलेली झाडांची खोडं. दुसरीत त्याने मित्राच्या छातीला कान लावलाय. तिसरीत मान वर उचललीय. त्याला कळून चुकलंय.

फोटो विभागात बसलेला माणूस अशा वेळी सवयीने एकच फोटो निवडतो, सर्वांत 'बोलका' तो. इथे तिसरा निवडला तर निव्वळ आक्रोश हाती येतो. तिन्ही ओळीने पाहिले तर तो कान लावून ऐकतोय तो क्षण, अजून आशा आहे तो क्षण, तुमच्याही वाट्याला येतो. अशा वेळी हात न हलता शटर दाबत राहणं हे मला उडीपेक्षा कितीतरी अवघड वाटतं. अमेरिकेच्या 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाने त्या लढाईचे तिचे फोटो मोठ्या जागेत छापले.

त्याच वर्षी मे महिन्यात उखळी तोफेच्या माऱ्यात ती जबर जखमी झाली. छर्रे अंगभर घुसले, एक कॅमेऱ्यावर आदळला म्हणून जीव वाचला. बरी झाली आणि पुन्हा आघाडीवर.

फेब्रुवारी १९६८ मध्ये, टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी कम्युनिस्टांनी केलेल्या मोठ्या हल्ल्यानंतर, ती आणि एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचा फ्रांस्वा माझ्युर असे दोघं ह्युए शहरात शिरले. उत्तर व्हिएतनामी सैनिकांनी पकडलं, हात बांधले, कॅमेरे काढून घेतले. आम्ही पॅरिसचे पत्रकार आहोत, अमेरिकन नाही, हे एका अधिकाऱ्याला पटवून दोघांनी सुटका करून घेतली. इथे कुणीही शहाणा माणूस धूम ठोकेल. तिने कॅमेरे परत मिळाल्यावर विचारलं, तुमचे फोटो काढू का? ते चक्क तयार झाले! ज्यांना अमेरिकन वाचकाने तोवर मेलेलं किंवा कैदेतलंच पाहिलं होतं, ते सैनिक खंदकात, बंदुका रोखून, ताठ मानेने १६ फेब्रुवारीच्या 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर आले. आतला मजकूरही तिचाच. त्यातले काही फोटो उघडच पोझ घेतलेले आहेत आणि त्याबद्दल तिला नावं ठेवता येतील. मी ठेवत नाही. समोरच्याला आपण कसे दिसावं असं वाटतं, हीसुद्धा बातमीच असते.

पुढचं थोडक्यात. व्हिएतनामने ती मनाने पार खचली होती. तरी १९७२ मध्ये तिने युद्धविरोधी माजी सैनिकांवरच्या माहितीपटाचं सहदिग्दर्शन केलं, मग लेबनॉनच्या यादवीकडे वळली. तिथल्या राजधानीतल्या, बैरूतच्या कामासाठी तिला १९७६चं रॉबर्ट कापा सुवर्णपदक हा धाडसी वृत्तछायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी पहिली स्त्री तीच. योगायोग बघा, त्याच वर्षी त्याच बैरूतमध्ये काढलेल्या फोटोसाठी फ्रांस्वाझ दमुल्देर ही दुसरी फ्रेंच बाई वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तीही व्हिएतनाममध्येच तयार झालेली. आपल्याकडे या दोघींची नावं किती जणांनी ऐकलीत, कोण जाणे.

१९८२ मध्ये इस्रायलने बैरूतला घातलेल्या वेढ्यानंतर कॅथरीन हळूहळू युद्धापासून दूर झाली. कॅलिफोर्नियात जुन्या उंची फॅशनच्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान चालवायची. लोकांना हे विजोड वाटतं. मला तर त्यात काही नवल वाटत नाही, घरभाडं कुणाला चुकलंय? ८ जुलै २००६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, वय ६१.

फोटो पाहायचे असतील तर सुटे शोधत बसू नका. 'लाइफ'चे मे १९६७ आणि फेब्रुवारी १९६८ चे अंक गूगल बुक्सवर पानन्‌पान चाळता येतात, जाहिरातींसकट. रणांगणाच्या फोटोंशेजारी मोटारी आणि सिगारेटी विकायला ठेवलेल्या दिसतील, त्याही बघा.